भर उन्हाळ्यात मधपेटी पुन्हा पुन्हा रिकामी होते तेव्हा

"परवापर्यंत पेटीत माश्या होत्या, आज झाकण उघडलं तर आत कुणीच नाही." भर उन्हाळ्यात मधमाश्या पाळणाऱ्यांकडून हे हमखास ऐकू येतं. ज्याच्या पेटीचं एकदा असं झालं, त्याचं बहुधा पुढच्या उन्हाळ्यातही होतं. माझं सलग दोन वर्षं झालं. पहिल्या वर्षी मी उन्हाला दोष दिला. दुसऱ्या वर्षी पेट्यांवर मांडव घातला, आजूबाजूची जमीन रोज ओली केली, तरी दोन वसाहती गेल्या. मग त्या रिकाम्या पेट्या घेऊन बसले आणि पोळं बांधलेली एकेक लाकडी चौकट उजेडात धरून पाहिली. मधाचा थेंब नव्हता, परागाचा कण नव्हता. माश्या उन्हाने गेल्याच नव्हत्या, उपासमारीने गेल्या होत्या. आणि त्या उपासमारीची सुरुवात मी शेवटचा मध काढला त्या दिवशी झाली होती.

म्हणून पुढे जे लिहिलंय त्यात सावलीपेक्षा पेटीच्या वजनावर जास्त भर आहे. सावली हवीच, पण सावलीने पोट भरत नाही.

रिकामी पेटी धुण्याआधी

पेटी रिकामी दिसली की हात आधी साफसफाईकडे जातो. तो आवरा. पुढच्या वर्षी काय टाळायचं हे त्याच पेटीत दिसतं, आणि थोड्याच दिवसांत मेणकिडा (पोळं पोखरणारी पतंगाची अळी) आणि मुंग्या ते सगळं पुसून टाकतात.

पोळी शाबूत आहेत, पण ठणठणीत कोरडी आहेत. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, बंद कोष असलेच तर एखाद-दुसरा. असं असेल तर माश्या ठरवून गेल्या. बाहेर फुलोरा संपतो, मकरंद आणि पराग येईनासे होतात, तशी राणी अंडी कमी करते आणि मग थांबवते. आधी घातलेल्या अंड्यांतून माश्या बाहेर पडेपर्यंत वसाहत थांबते, उरलासुरला मध पोटात भरून घेते आणि निघते. मेलिफेरा या युरोपीय जातीत अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस लागतात, सातेरी या आपल्या देशी जातीत त्याहून थोडे कमी. म्हणजे माश्या गेल्या आज, पण निर्णय झाला साधारण तीन आठवड्यांपूर्वी. मांडव मागच्या आठवड्यात घातला असेल, तर तो निर्णय झाल्यानंतर घातला.

उलट, पोळ्यात पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, तसाच पडलाय, थोडा मधही आहे, फक्त माश्या नाहीत, अशी पेटी दिसली तर त्या अचानक उठून गेल्या. पिलावा टाकून जाणं मधमाशीच्या स्वभावात नाही, तेव्हा काहीतरी असह्य घडलेलं असतं. चौकटींवर मुंगळ्यांची रांग आहे का बघा. पोळं खाली सरकलंय किंवा तुटून तळपाटावर पडलंय का बघा. मेण वितळायला ६० अंशांच्या वर तापमान लागतं, पण ४० अंशांच्या आसपासच ते इतकं मऊ होतं की मधाने जड झालेलं नवं पोळं स्वतःचं वजन पेलत नाही. आणि गेल्या आठवड्यात आपणच पेटी किती वेळा उघडली, हेही प्रामाणिकपणे आठवा.

मधाच्या घरांची झाकणं वेडीवाकडी फाडलेली आणि तळपाटावर मेणाचा भुसा साचलेला, ही लुटीची खूण. शेजारच्या पेटीतल्या माश्यांनी येऊन मध नेलेला असतो.

माश्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या, फक्त शेपटाकडची बाजू बाहेर, असं दिसलं तर ती सरळसरळ भूकबळीची खूण आहे. मेलिफेराच्या पेटीत हे जास्त आढळतं. एकाच भुकेला दोन जाती वेगळं उत्तर देतात: सातेरी घर सोडते, मेलिफेरा बहुतेक वेळा घरातच मरते. पहिलीला आपण "पळाली" म्हणतो आणि दुसरीला "मेली" म्हणतो, पण दोन्हीकडे दुखणं तेच.

आणि पोळ्यांत जाळीच जाळी, त्यात पांढुरक्या अळ्या आणि काळी लेंडं दिसली, तरी मेणकिड्यामुळे वसाहत गेली असं लगेच ठरवू नका. भरल्या वसाहतीत माश्या त्याच्या अळ्या उचलून बाहेर टाकतात. तो शिरतो ते राखायला माणूसबळ उरलेलं नसतं तेव्हा.

वजन: जिवंत पेटीत तीन आठवडे आधी काय दिसतं

दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, सकाळी लवकर पेटीच्या मागच्या कडेला एक हात घाला आणि दोन बोटं उंचीएवढी उचला. बस, एवढंच. झाकण उघडायचं नाही, धूर द्यायचा नाही. पहिले दोन आठवडे हाताला काही कळणार नाही. तिसऱ्यांदा उचलताना "अरे, ही हलकी झाली" हे आपोआप जाणवतं. काटा असेल तर फारच छान, ताणकाट्याला मागची कड अडकवून आकडा लिहून ठेवला की दोन उन्हाळ्यांची तुलनाही करता येते.

वजन सलग दोन आठवडे घटत असेल तर एकदा, फक्त एकदा, पेटी उघडून मधली एक चौकट बघा. सूर्य पाठीशी घ्या आणि चौकट थोडी तिरपी धरा, म्हणजे ऊन थेट घरांच्या तळाशी पोचतं. अंडी असतील तर तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढरी, तळाला उभी किंवा आडवी दिसतात. अंडी दिसली की राणी आहे आणि वसाहतीला अजून इथे राहायचंय, असं समजा. अंडी नाहीत, लहान अळ्या नाहीत, फक्त बंद कोष आहेत आणि मधाच्या घरांची वरची पट्टी रिकामी होत चाललीय, म्हणजे आवराआवर सुरू झाली.

त्याआधीची एक खूण मला सगळ्यात उपयोगी वाटते, आणि तिच्याकडे फार कमी जण बघतात. लहान अळी घराच्या तळाशी दुधासारख्या पांढऱ्या रसात जवळजवळ पोहत असते. हा रस दाई माश्या तयार करतात आणि त्यासाठी त्यांना पराग लागतो. पराग कमी पडला की हा रस आटतो; अळी कोरड्या तळावर चिकटल्यासारखी दिसते. पुढे माश्या काही अळ्या स्वतःच खाऊन टाकतात, त्यामुळे पिलाव्याच्या सलग पट्ट्यात मधे मधे मोकळी घरं दिसू लागतात. मी एका दुपारी ही कोरडी अळी प्रथम पाहिली तेव्हा काय पाहतेय ते मला उमगलं नव्हतं. बारा-चौदा दिवसांनी त्या पेटीत एकही अंडं नव्हतं.

इथे एक खबरदारी. उघड्या राहिलेल्या घरांत अळी मरून पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी झालेली आणि तिचं तोंड वर उचललेलं दिसलं, तर तो सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग आहे. तिथे नुसता साखरेचा पाक देऊन पुरत नाही. अशी चौकट दुसऱ्या पेटीत घालू नका आणि तीच हत्यारं न धुता दुसरीकडे वापरू नका. अळी तपकिरी होऊन काडीला तारेसारखी चिकटत असेल तर ते फाऊलब्रूड, हा जिवाणूजन्य रोग. जाणकाराला दाखवल्याशिवाय त्या पेटीतलं काहीही हलवू नका. मेलिफेरा असेल तर व्हरोआ कोळीही (माश्यांवर आणि पिलाव्यावर जगणारा बारीक परजीवी) तपासा. पिलावा घटला की तेवढेच कोळी कमी घरांत आणि कमी माश्यांवर गोळा होतात आणि त्यांचा भार एकदम जाणवतो.

पाक द्यायचा तो असा

पाणी उकळा, आचेवरून उतरवा, मग साखर विरघळवा. वजनाला समान साखर आणि पाणी. साखर आचेवर ठेवून करपवू नका, करपलेल्या साखरेत माश्यांना बाधणारे पदार्थ तयार होतात. पांढरी शुद्ध साखरच घ्या. गूळ, काकवी किंवा तपकिरी साखर यांतले बाकीचे घटक माश्यांना पचत नाहीत आणि हगवण लागते. दुसऱ्या कुणाच्या पेटीतला मध तर अजिबात नको, त्यातून फाऊलब्रूडचे बीजाणू येऊ शकतात.

पाक पूर्ण थंड झाल्यावर संध्याकाळी, माश्यांची ये-जा थांबल्यावर, पेटीच्या आत द्या. बरणीच्या झाकणाला बारीक सुईने आठ-दहा भोकं पाडून ती चौकटींवर उपडी ठेवली की थेंब अडून राहतात आणि माश्या खालून पितात. मी सातेरीच्या मध्यम वसाहतीला एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर देते. सकाळपर्यंत संपेल तेवढाच द्या. उन्हाळ्यात उरलेला पाक आंबतो. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या. एकीला दिला आणि दुसरीला नाही, की उपाशी पेटी सकाळी पहिलीच्या दारात उभी राहते.

मधकोठी (पेटीचा मध साठवायचा वरचा मजला) आधीच काढून ठेवलेली हवी. पाक मधकोठीत चढला की त्याला मध म्हणता येत नाही.

अळ्या कोरड्या दिसत असतील तर नुसत्या साखरेने भागणार नाही. तेल काढलेलं सोयाबीनचं पीठ तीन भाग, ब्रुअर्स यीस्ट एक भाग, दाट पाकात मळून चपटी वडी करा आणि पिलाव्याच्या वर, कागदावर ठेवा. आधी छोटी द्या. खाल्ली नाही तर दोन-तीन दिवसांत काढा, नाहीतर त्यात मेणकिडा अंडी घालतो.

लूट सुरू झाली हे कसं ओळखायचं? दुपारी दारासमोर गर्दी दिसली म्हणजे लूट असं नाही. कोवळ्या माश्या पेटीकडे तोंड करून, पुढे-मागे झोके घेत उडतात आणि वीसेक मिनिटांत शांत होतात; त्या घराची जागा लक्षात ठेवत असतात. लुटारू माश्या पाय लोंबते ठेवून दारासमोर डावी-उजवीकडे सरकत राहतात, पेटीच्या फटी हुंगतात, दारात कुस्त्या लागतात. असं दिसलं की दार एक-दोन माश्या जातील एवढं अरुंद करा आणि पेटीवर ओली चादर टाका. झाकण उघडू नका. सांडलेला पाक लगेच धुऊन टाका.

पाणी आणि ऊन

पिलाव्याच्या भागात माश्या ३४ ते ३६ अंश तापमान राखतात. बाहेर त्याहून जास्त झालं की काही माश्या पाणी आणून घरांच्या कडांवर पसरवतात, काही पंखांनी वारा घालतात आणि पाणी उडून जाताना पोळं गार होतं. मार्टिन लिंडाउअर या संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यात इटलीतल्या सालेर्नोजवळ लाव्हाच्या पठारावर, भर उन्हात पेटी ठेवून पाहिली होती. पाणी मिळत होतं तोवर माश्यांनी आतलं तापमान ३५ च्या आसपास राखलं. म्हणजे उन्हाशी लढण्याचं त्यांचं हत्यार पाणी आहे. सावली दिल्याने त्यांचे कष्ट कमी होतात, पण पाणी नसेल तर सावलीतही त्यांचं चालत नाही.

पाणी उन्हाळा तापण्याआधीच ठेवायला लागा. पाणक्या माश्यांना एकदा एका जागेची सवय लागली की त्या दुसरीकडे सहजी वळत नाहीत, मग ती जागा कुणाच्या नळाखालची असली तरी. पसरट भांड्यात खडे किंवा काटक्या घाला, म्हणजे बसायला आधार मिळतो आणि बुडत नाहीत. भांडं पेटीच्या दारासमोर अगदी खाली नको, वरून विष्ठा पडते. दहा-पंधरा पावलं बाजूला, सावलीत ठेवा. आणि ते कधीही कोरडं पडू देऊ नका. भर दुपारी दोन तास भांडं कोरडं राहणं हे मांडव नसण्यापेक्षा वाईट.

संध्याकाळी माश्या दाराबाहेर दाढीसारख्या लोंबकळताना पाहून पुष्कळ जण घाबरतात. आतली गर्दी आणि उष्णता कमी करायला त्या बाहेर बसतात. रात्री गार झाल्यावर किंवा पहाटे त्या आत गेल्या तर काळजी नाही. शंका असेल तर पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची लांबोळकी घरं आहेत का एवढंच बघा. असतील तर वसाहत फुटायच्या तयारीत आहे, आणि तो वेगळा विषय.

दाराशी वारा घालणाऱ्या माश्या जरा जवळून बघा. मेलिफेरा दाराकडे तोंड करून पंख हलवते आणि आतली हवा बाहेर ओढते. सातेरी पाठ दाराकडे आणि तोंड बाहेर करून बसते, बाहेरची हवा आत ढकलते. मला हे दृश्य फार आवडतं, आणि ते कामाचंही आहे: सातेरीच्या दारासमोरची हवाच तापलेली असेल, समोर तापणारी भिंत किंवा पत्रा असेल, तर ती तीच गरम हवा आत घेतेय. अशा वेळी पेटीच्या छपराआधी दारासमोर सावली करा.

छपराला पेटीवर थेट टेकू देऊ नका, मधे चार बोटं हवा खेळू द्या. आतलं झाकण काडीएवढं उचललं तरी गरम हवा वर निघून जाते. उत्साहाने चारी बाजूंनी भोकं पाडू नका. हवा कुठून घ्यायची आणि कुठून सोडायची हे माश्या ठरवतात, आणि जास्तीच्या फटी म्हणजे लुटारूंना आणि मेणकिड्याला जास्तीची दारं. ओलं गोणपाट छपरावर चालेल, दारावर लोंबता कामा नये.

सावलीसाठी पेटी एकदम दहा फूट सरकवली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परततात आणि तिथेच घोटाळत राहतात. रोज संध्याकाळी हातभर सरकवा.

मुंगळ्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पेटीला टेकलेलं गवत कापा. एका पात्याचा पूल पुरतो.

पोळी कमी करा, उघडणंही कमी करा

वसाहत उन्हाळ्यात आकसते, पण चौकटी आपण हंगामातल्या तेवढ्याच ठेवतो. पाच चौकटींवर माश्या आणि आठ चौकटी आत, म्हणजे तीन चौकटी मेणकिड्याला आंदण. माश्या ज्या पोळ्यावर बसत नाहीत ते काढा, मधे विभाजक फळी घाला. जुनी काळी पोळी आधी काढा; त्यांत साचलेले कोषांचे अवशेष आणि पराग हेच मेणकिड्याच्या अळीचं खरं खाद्य. चांगली पोळी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवली की अंडी-अळ्या मरतात, मग हवाबंद पिशवीत भरा. सातेरी राळ गोळा करून फटी बुजवत नाही, म्हणून तिच्या पेटीच्या फटी आणि तळपाटाचा कचरा ही आपली जबाबदारी. आठवड्यातून एकदा तळपाट पुसा. तेवढ्यासाठी चौकटींना हात लावावा लागत नाही.

काळजीपोटी रोज झाकण उघडणं हे उन्हाळ्यात वसाहत जाण्याचं मोठं कारण आहे असं माझं ठाम मत झालंय. दर वेळी गारवा मोडतो, मधाचा वास बाहेर जातो, आणि आधीच अस्वस्थ असलेल्या माश्यांना निघायला आणखी एक कारण मिळतं.

आवराआवर सुरू झालेली सापडली तर

अजून वेळ असतो. त्याच संध्याकाळी पाक सुरू करा आणि आठवडाभर एक दिवसाआड द्या. शेजारी निरोगी, धट्टीकट्टी वसाहत असेल तर तिच्यातली अंडी आणि लहान अळ्या असलेली एक चौकट, माश्या झटकून, या पेटीत मधोमध ठेवा. उघडा पिलावा सोडून माश्या सहसा जात नाहीत. दाराला राणीजाळी लावली तर राणी बाहेर पडू शकत नाही आणि उठलेल्या कामकरी माश्या परत येतात. पण ही जाळी चार-सहा दिवसांपुरतीच. नर तिच्यातून जात नाहीत, कोवळी राणी असेल तर तिचा मीलनाचा प्रवास अडतो, आणि आत अन्न नसेल तर आपण उपाशी वसाहतीला नुसतं कोंडलेलं असतं. पुन्हा अंडी दिसली की जाळी काढा.

माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात अशी एक पेटी सापडली होती. पाक दिला, चौकट दिली. सहाव्या दिवशी ऊन पाठीशी घेऊन बघितलं तर मधल्या चौकटीत ओंजळीएवढ्या भागात ताजी अंडी होती, एका घरात एक, नीट तळाच्या मध्यावर.

बाहेर पुन्हा फुलोरा आला की पोळ्यांच्या वरच्या कडांना नवं पांढरं मेण दिसायला लागतं आणि वजन पाकाशिवाय वाढतं. त्या दिवशी पाक थांबवा. दार एकदम मोकळं करू नका, आठवडाभरात थोडं थोडं रुंद करा. आणि पुढच्या हंगामात मध काढायच्या आधीचं आणि नंतरचं वजन झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहा. पिलावा कोठीतल्या कडेच्या दोन चौकटींना हात लावायचा नाही. त्यांतला मध वसाहतीचा उन्हाळा आहे.